कोलंबसचा तोच वेल्ड दर दिवाळीला का तडकतो

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या झुल्याचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. कोलंबस म्हणजे झुलणारी मोठी नाव. चार पायांचा सांगाडा, माथ्यावर आडवा शाफ्ट, शाफ्टच्या दोन टोकांना प्लमर ब्लॉक (बेअरिंग बसवायची घरं), हँगरने टांगलेली नाव आणि खालून तिला ढकलणारं टायर. चारांपैकी एकाच पायाच्या माथ्याशी, गसेट प्लेट (सांध्याला आधार देणारी लोखंडी पाटी) पायाच्या पाइपला जिथे जोडली आहे तिथे, केसाएवढा तडा दिसतो. तुम्ही तो वेल्ड करता, रंग मारता, झुला चालू करता. पुढच्या वर्षी दसरा-दिवाळीच्या दरम्यान तडा पुन्हा त्याच जागी. जोडीला तीन बारीक तक्रारी असतात. दुसऱ्याच एका पायाचे फाउंडेशन नट ढिले होतात, नाव एका टोकाला चढली की खालून ‘ठक्’ असा आवाज येतो, आणि टायरची एकच कड झिजते.

इंदूरच्या एका जुन्या पार्कात मी देखभाल बघते. आमच्याकडे हे सलग चार वर्षं घडलं. झुला वीस वर्षांहून जुना, दुसऱ्या पार्काकडून वापरलेला घेतलेला. सोबत ड्रॉइंग आलं नाही, मॅन्युअलही नाही. आपल्याकडचे बरेच झुले असेच एका हातातून दुसऱ्या हातात येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

तडा दिसला की झुला बंद. सणाची गर्दी असो, मालकांचा फोन येवो, तिकिटं फाडून झालेली असोत. ‘आजचा दिवस चालवू, रात्री वेल्ड करू’ हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे आणि ते ऐकताना पोटात गोळा येतो. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादेत कांकरियाजवळ लोलकासारखा झुलणारा एक झुला भर रविवारी माणसांसकट तुटून खाली आला, माणसं दगावली. कोलंबसही लोलकच आहे.

तडा काय सांगतो

वेल्डिंग मशीन आणायच्या आधी तडा नीट बघा. रंग पूर्ण खरवडून काढा. मग डाय पेनिट्रंटचे तीन डबे घ्या: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. जागा साफ करून डाय फवारा आणि दहा-वीस मिनिटं मुरू द्या. डाय पुसताना क्लीनर थेट जागेवर मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा, नाहीतर तड्यातली डायही धुतली जाते. डेव्हलपर मारल्यावर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांना ४० मिलीमीटर दिसणारा आमचा तडा डाय मारल्यावर ७० च्या वर निघाला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही निम्माच तडा वेल्ड करत होतो.

आता तो कुठून कुठे जातो ते पाहा. वेल्डच्या पोटातून, मधोमध लांबीने गेला असेल तर वेल्ड बारीक आहे किंवा आतपर्यंत पोचलेला नाही. वेल्डच्या शेजारच्या लोखंडात, वेल्ड केल्यापासून एक-दोन दिवसांत उघडला असेल तर वेल्डिंगचे रॉड ओले होते. ७०१८ सारखे लो-हायड्रोजन रॉड ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून, गरम पेटीत ठेवून वापरायचे असतात. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातले रॉड तसेच लावले तर दमटपणातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर फाटतो, कधी तब्बल दोन दिवसांनी. म्हणून वेल्डची डाय टेस्ट ४८ तासांनी परत करायची.

आमचा तडा या दोन्हींपैकी नव्हता. तो वेल्डच्या कडेला, जिथे वेल्ड संपून पाइप सुरू होतो त्या रेषेवर, गसेटच्या टोकदार कोपऱ्यापासून निघून दोन्हीकडे पसरला होता. उघडलेल्या तोंडावर भिंगातून किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या बारीक वळ्या दिसत होत्या. ही थकव्याची खूण. लोखंड एका फटक्याने तुटलेलं नसतं, लाखो वेळा थोडं थोडं ओढलं गेलेलं असतं.

थकव्याचा हिशोब एकदा करून बघाच. नाव ६० अंशांपर्यंत चढत असेल, तर तळातून जाताना हँगरवर तिच्या वजनाच्या दुप्पट ओढ येते. आमची नाव शाफ्टपासून साधारण ७ मीटर खाली आहे, एक पूर्ण झोका जवळजवळ ६ सेकंदांचा. ३ मिनिटांच्या फेरीत ३० झोके, प्रत्येक झोक्यात नाव तळातून दोनदा जाते, म्हणजे फेरीमागे ६० ओढी. दिवसाला ४० फेऱ्या आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ७ लाख २० हजार. तीन वर्षांत २० लाखांच्या वर. युरोपातल्या कोडमध्ये वेल्डच्या जोडांची थकव्याची वर्गवारी नेमकी २० लाख आवर्तनांवर ठरवतात. म्हणजे जुना कोलंबस हा आकडा केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

याच हिशोबातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वेल्डचं आयुष्य ताणाच्या चढउताराच्या साधारण घनाने घटतं. चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. नुसता सव्वापट झाला तरी निम्मं. म्हणजे एका पायावर चौथाई भार जास्त पडत असेल, तर वेल्डर कितीही निष्णात असो, त्याचा वेल्ड अर्ध्या वेळात फाटणार. आमचे वेल्डर चाचा चाळीस वर्षं हे काम करत आहेत, हात अतिशय साफ. दर वर्षी तडा परत आला की सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळायची आणि ते गप्प राहायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी तड्यावर १० मिलीमीटरची जाड पट्टी चढवली. त्या वर्षी तडा पट्टीच्या टोकापासून निघाला. जाड पट्टीने ताण कमी होत नाही. मऊ पाइप आणि कडक पट्टी जिथे भेटतात त्या नव्या टोकाला तो गोळा होतो. अशी पट्टी कुणी लावायला सांगितली तर नको म्हणा.

रजिस्टर चाळताना

चौथ्या तड्यानंतर मी चार वर्षांची रजिस्टरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. वेल्डच्या नोंदी एका रजिस्टरात होत्या, नट आवळल्याच्या नोंदी रोजच्या तपासणीच्या वहीत, टायर बदलल्याच्या स्टोअरच्या वहीत. तीन वह्या तीन माणसांकडे, म्हणून कुणी त्या एकत्र पाहिल्याच नव्हत्या. तारखा एका कागदावर उतरवल्या तेव्हा सगळं ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत दाटलेलं दिसलं. मार्च ते जून कोरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे दिवाळीइतकीच गर्दी असते, तेव्हाही नोंद नाही. म्हणजे गर्दी हे कारण नव्हे.

दुसरं असं दिसलं की तडा नेहमी तिकीटखिडकीकडच्या पायाला आणि ढिले नट नेहमी कडुनिंबाकडच्या पायाला. ‘मॅडम, नीम वाला नट फिर ढीला है,’ असं सकाळची तपासणी करणारे भाऊ सांगायचे, आम्ही आवळायचो आणि विसरायचो. वेगळा पाय म्हणून वेगळं दुखणं समजत होतो.

यातून वाट बाबांनी दाखवली. ते हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ साली मिल बंद पडेपर्यंत. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघतात, त्यातल्या हलत्या आकृत्यांच्या मागची चाकं, कॅम, दांड्या याच फिटरांच्या हातच्या. घरी रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘डुगडुगणाऱ्या टेबलाचे किती पाय जमिनीला टेकतात?’ मी म्हटलं, तीन. ‘टेकतात तीन, पण वजन घेतात दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यातले. एक पाय खालून वर रेटला गेला की तो आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला, दोघंच भार घेतात. उरलेले दोघं नावाला.’

आमचे चार पाय क्रमाने असे आहेत: तिकीटखिडकी, कडुनिंब, रस्ता, फुलझाडं. तिकीटखिडकीचा पाय वर उचलला गेला तर तो आणि रस्त्याकडचा, दोघांवर भार चढणार, आणि कडुनिंबाचा व फुलझाडांचा हलके होणार. हलक्या पायाची बेस प्लेट प्रत्येक झोक्याला उचलते-टेकते. तोच तो ‘ठक्’. तिचे नट खेचले जाऊन ढिले होतात. जड झालेल्या पायाच्या माथ्याला तडा जातो. एकच दुखणं, दोन पायांना.

माती

‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ ही म्हण आम्ही इथे लहानपणापासून ऐकतो. माळव्याची ही काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, पाणी प्यायलं की ते फुगतं, सुकलं की आकसतं. मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सप्टेंबरमध्ये त्या मिटून जमीन टम्म फुगलेली असते. गव्हाला, हरभऱ्याला हीच माती सोन्यासारखी. जेमतेम मीटर-सव्वामीटर खोल घेतलेल्या फुटिंगला मात्र ती दर वर्षी खालीवर करते. बडोद्यात किंवा विदर्भात काळ्या मातीवर पार्क असेल तर तिथेही हेच होईल.

सगळे पाय सारखे वरखाली झाले असते तर काहीच बिघडलं नसतं. घोटाळा होतो तो पाय सारखे हलत नाहीत म्हणून. पहिला संशय मला फुलझाडांच्या वाफ्यावर आला, कारण तिथे रोज पाणी मारतात. तो खोटा ठरला. तिथली माती बारा महिने ओलीच, म्हणून जागची हलत नव्हती. हलवतो तो ओल्या-सुक्यातला फरक. तिकीटखोलीच्या पत्र्याचं पाणी पन्हाळ नसल्यामुळे थेट त्या पायाशी पडत होतं, उन्हाळ्यात तीच जागा सर्वात कोरडी. आणि कडुनिंबाची मुळं आपल्या पायाखालचं पाणी पावसाळ्यातही ओढून घेत होती, तिथली माती पुरती फुगतच नव्हती. एक कोपरा जास्त चढणारा, शेजारचा जवळपास न चढणारा.

आणि यात आमचाही हात होता. आम्ही वार्षिक सर्व्हिसिंग मेमध्ये करत होतो. तेव्हा सगळ्यात खाली बसलेला पाय असायचा तिकीटखिडकीचा. त्याच्या बेस प्लेटखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून आम्ही चारही पाय पाणसळीत आणायचो आणि समाधानाने नट आवळायचो. पाऊस लागला की तो पाय शिमसकट वर. वर्षातला सर्वात कोरडा दिवस आम्ही खरी पातळी धरून बसलो होतो. मेमधली सर्व्हिसिंग वाईट नाही, पण मेमध्ये पाहिलेल्या पातळीवरून शिम घालू नका.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी पुरते, फक्त तिच्यात बुडबुडा नको आणि अर्धी नळी उन्हात अर्धी सावलीत नको. सकाळी लवकर मोजा. चारही फुटिंगच्या काँक्रीटमध्ये पितळी खुंटी बसवा, म्हणजे दर वेळी तीच जागा मिळेल. आणि ज्या खुणेशी तुलना करायची ती खूण काळ्या मातीत नको, नाहीतर तीही पायांबरोबर हलेल. आमच्या आवारात खडकापर्यंत बांधलेली जुनी विहीर आहे, तिच्या दगडी काठावर बाबांनी छिन्नीने रेघ मारली.

त्या दिवाळीला झुला बंद राहिला तो बंदच ठेवला. नाव उतरवली. नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजमाप. मे आणि सप्टेंबर यांतला फरक असा आला: तिकीटखिडकी ९ मिलीमीटर वर, रस्ता ३, कडुनिंब १, फुलझाडं १. तिकीटखिडकी आणि कडुनिंब हे एकाच बाजूच्या कैचीचे, म्हणजे माथ्याशी जुळणाऱ्या जोडीचे, दोन पाय. त्यांच्यात ६ मीटर अंतर आणि ८ मिलीमीटर फरक. शाफ्ट ९ मीटर उंचीवर, म्हणजे हिशोबाने त्या बाजूचा माथा १२ मिलीमीटर सरकू पाहतो, समोरच्या बाजूचा जवळपास जागेवर. शाफ्ट तिरका होतो, नाव तिरकी झुलते, टायरची एक कड खाल्ली जाते. बेअरिंगने तक्रार का केली नाही, हेही कळलं. प्लमर ब्लॉकमधलं स्फेरिकल रोलर बेअरिंग असा थोडा तिरकेपणा मुकाट सोसतं.

एवढा वेळ नसेल तर एक झटपट चाचणीही आहे. पाऊस संपताना प्रत्येक बेस प्लेटवर हातोडी हलकी मारा, पोकळ आवाज येतो का ऐका, आणि कडेने फीलर गेज (पातळ पात्यांचं मापक) घालून बघा. गेज आत शिरलं तर तो पाय हवेत आहे. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) असेल तर त्याचा पाय जमिनीवर, टोक प्लेटवर ठेवून रिकामी नाव थोडीशीच झुलवा, माणसं लांब ठेवून. प्लेट हललीच नाही पाहिजे. आमची कडुनिंबाकडची दीड मिलीमीटर हलत होती.

दुरुस्तीचा क्रम

क्रम खालून वर. आम्ही चार वर्षं उलटा, वरून सुरू करत होतो.

पाण्यापासून सुरुवात करा. पत्र्याला पन्हाळ आणि बंद पाइप लावून पाणी झुल्यापासून लांब नेलं. चारही फुटिंगभोवती काळी माती काढून मुरूम ठोकून बसवला आणि वर बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा घातला. न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर फुगणाऱ्या मातीला कसा दाबून धरतो, यावर आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कट्टी यांनी मोठं काम केलं आहे. सिव्हिल इंजिनियर त्याला सीएनएस थर म्हणतात. छोट्या झुल्यांना, म्हणजे मेरी-गो-राउंड, टोरा टोरा वगैरेंना, एवढं बहुतेक वेळा पुरतं. कोलंबससारख्या दर झोक्याला आडवा धक्का देणाऱ्या झुल्याला पुरेल असं आमच्या इंजिनियरना वाटलं नाही.

त्यांनी अंडर-रीम्ड पाइल सुचवले. खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले हे खांब रुडकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने काळ्या मातीसाठीच विकसित केले. ओल-सूक जिथे पोचत नाही तिथवर, साधारण साडेतीन मीटर, जाऊन ते मातीला धरून राहतात. एक इशारा इथे द्यायलाच हवा. पैसे वाचवायला फक्त दोन वाईट पायांना पाइल देऊ नका. मग ते दोन स्थिर आणि उरलेले दोन मातीबरोबर हलते, म्हणजे दुखणं कोपरा बदलून परत. चारही पाय द्या, तुळयांनी एकमेकांना बांधा, आणि तुळईच्या पोटाखाली मोकळी जागा सोडा, नाहीतर फुगणारी माती तुळईच उचलेल. मालकांना हा खर्च जड गेला. त्यात दोन दिवाळ्या झुला बंद. तरी त्यांनी होकार दिला याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

बेस प्लेटखाली वाळू-सिमेंटचा माल भरू नका, तो सुकताना आकसतो आणि पुन्हा पोकळी होते. न आकसणारं ग्राउट (पोकळीत ओतायचा माल) घ्या. खेचले गेलेले जुने बोल्ट परत वापरू नका. नव्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ ची खूण आहे का बघा. पहिल्या ८ चा अर्थ ८०० मेगापास्कल ताकद, पुढच्या .८ चा अर्थ त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा न ताणता टिकतो. खूण नसलेला बोल्ट कितीही चकचकीत असो, झुल्याला लावायचा नाही. आवळल्यावर नट, वॉशर आणि प्लेट यांवरून पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ मोडली की नट फिरला, हे सकाळच्या अंधुक उजेडातही लांबून दिसतं.

वेल्ड सगळ्यात शेवटी. पाय पाणसळीत, शाफ्ट सरळ, तेव्हा. डायने तड्याची दोन्ही टोकं शोधा, टोकांच्या किंचित पुढे ड्रिलने भोक पाडा म्हणजे खणताना तडा पुढे पळणार नाही. मग ग्राइंडरने तडा पूर्ण खणून काढा. डायमध्ये लाल काहीच उरत नाही तोपर्यंत थांबू नका. जुनी पट्टी काढून टाका. आम्ही गसेटही नवी केली आणि तिचं टोकदार टोक गोलाईने निमुळतं केलं, कारण तडा त्या कोपऱ्यातून जन्मत होता. चाचांनी भाजलेल्या रॉडने वेल्ड टोकाभोवती फिरवून घेतला, सुरू-बंद कोपऱ्यावर येऊ दिलं नाही, आणि कड ग्राइंड करून गुळगुळीत केली. अर्थिंगचा चिमटा मात्र तुम्ही स्वतः बघा. तो वेल्डच्या अगदी जवळ, त्याच पायाला लावायचा. चिमटा नावेला किंवा समोरच्या पायाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात, आणि चार महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागतं तेव्हा कुणाला हा वेल्ड आठवत नाही.

४८ तासांनी पुन्हा डाय. मग प्रत्येक आसनाला ७५ किलो धरून वाळूची पोती, आणि पूर्ण झोक्याची चाचणी. झुल्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक आहे. ते पार्काच्या कपाटात असू द्या आणि चाचणीला बाहेरचा तपासनीस बोलवा. स्वतः दुरुस्त केलेल्या कामाला स्वतःच ‘ठीक’ म्हणू नये.

असंच दिसणारं, पण वेगळं

तुमची जमीन मुरमाड किंवा खडकाळ असेल, किंवा तडे बारा महिने सारखेच येत असतील, तर मातीचा नाद सोडा. ऑपरेटर नाव कशी थांबवतो ते उभं राहून बघा. नाव येत असताना उलटा टायर लावून झटका दिला की मुलं ओरडतात, त्याला वाटतं मजा आली, पण तो झटका सरळ सांगाड्यात जातो. मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून वेग हळूहळू चढ-उतर करणं हा त्यावरचा उपाय. दोन्ही प्लमर ब्लॉकमध्ये लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला जागीच अडकवणाऱ्या कड्या) घट्ट बसवल्या असतील तर उन्हात लांबणाऱ्या शाफ्टला जागाच उरत नाही आणि एक बेअरिंग तापतं. एक टोक मोकळं हवं.

आणि पाइपच्या आतून गंज. याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो दिसत नाही. २६ जुलै २०१७ ला अमेरिकेत ओहायोच्या राज्य जत्रेत फायर बॉल नावाच्या झुल्याची एक बैठक चालत्या फेरीत तुटून पडली, एक तरुण गेला, सात जखमी झाले. झुला १८ वर्षांचा होता. बनवणाऱ्या डच कंपनीने नंतर सांगितलं की आधार देणाऱ्या तुळईच्या आतून गंज चढून पत्रा धोकादायक पातळ झाला होता. बाहेरून रंग होताच. आपल्याकडे ‘झुला रिफर्बिश केला’ म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या रंगावर नवा रंग. आमच्या नावेच्या हँगरवर आठ थर निघाले. जुन्या झुल्याला रंग देण्याआधी तो जोडांपाशी लोखंडापर्यंत खरवडा, डाय मारा, प्रत्येक बंद पाइपची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने तळाशी मोजा, कारण पाणी तिथेच साचतं. तळाला पाणी निघायचं भोक आहे का आणि रंगाने बुजलेलं नाही ना, तेही बघा. आमच्या दोन हँगरचे पाइप तळाशी मूळच्या दोन-तृतीयांश जाडीचे उरले होते. वेल्डचा तडा आला नसता तर ते आम्हाला कळलं नसतं. ते पूर्ण बदलले, ठिगळ लावलं नाही.

सध्या कुठे आहे

झुला चालू होऊन दोन पावसाळे गेले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजमाप अजून चालू आहे, आता सगळ्या नोंदी एकाच वहीत. यंदा सप्टेंबरमध्ये चार पायांतला सर्वात मोठा फरक १ मिलीमीटर आला, पाणीनळीने याहून बारीक कळतही नाही. पिवळ्या रेघा सरळ आहेत. ‘ठक्’ नाही. गसेटची डाय टेस्ट नवरात्रीच्या आधी आणि दिवाळीनंतर, दोन्ही वेळा कोरी. टायरची आतली कड मात्र बाहेरच्यापेक्षा अजून थोडी जास्त झिजते. टायरचा स्टँड जुन्या तिरक्या नावेला जुळवून बसवला होता, तो आता सरळ नावेला जुळत नसावा असं वाटतं. पुढच्या मेमध्ये तो सोडवून बघणार आहे, शिम न घालता.

त्या सप्टेंबरच्या सकाळी बाबा आले होते. विहिरीच्या काठाशी खुर्ची टाकून त्यांनी नळीचं एक टोक रेघेला धरलं, दुसरं टोक चाचांनी तिकीटखिडकीच्या खुंटीवर. पाणी थांबेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. मग चाचांनी आकडा सांगितला आणि मी तो वहीत लिहिला.